कोंबडीच्या चक्राप्रमाणे भरणारा वर्ग

एका गटाचा प्रश्न आहे. पाच ते वीस कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांसाठी त्यांनी दोन दिवसांचं शिबिर घेतलं, माहितीपुस्तिका दिली आणि शेवटी प्रत्येक घरी एक दिवसाची दहा-दहा पिलं वाटली. सहा महिन्यांनी फिरून पाहिलं तर बहुतेक घरांत त्यातलं एखाद-दुसरंच उरलेलं. लोक म्हणतात, शिकवलं छान, पण मग मर आली. आता कार्यक्रम नव्याने करायचा आहे. काय शिकवावं, कुठल्या क्रमाने, आणि शिकवायला कोणाला बोलवावं?

परसातल्या कोंबडीपालनाचं प्रशिक्षण देणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. पहिली गोष्ट, दोन दिवसांचं शिबिर सोडून द्या. ज्या दिवशी तुम्ही पिलांच्या उबेबद्दल सांगता त्या दिवशी बाईच्या घरी पिलं नसतात. ती येतात दोन महिन्यांनी, आणि तोवर ऐकलेलं विरून गेलेलं असतं. त्याऐवजी दीड-दोन तासांच्या छोट्या बैठका घ्या आणि त्यांच्या तारखा कोंबड्यांवर सोपवा. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की अंडी निवडण्याची बैठक, अंड्यांवर बसवल्यावर आठव्या दिवशी अंडी उजेडात तपासण्याची, एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिलांची. एका कोंबडीचं पूर्ण चक्र, म्हणजे अंडी घालणं, एकवीस दिवस बसणं आणि पिलं हिंडवणं, साधारण साडेतीन ते चार महिन्यांचं असतं. असं एक चक्र गटाने मिळून नजरेखालून घातलं की निम्मं प्रशिक्षण झालं.

ही कल्पना माझी नाही. शेतकऱ्यांच्या शेतीशाळा १९८९ साली इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने सुरू केल्या. पेरणीपासून कापणीपर्यंत त्याच वावरात ठरावीक दिवशी जमायचं, पाहायचं, मोजायचं आणि काय करायचं ते तिथेच ठरवायचं, ही त्यांची पद्धत. कोंबड्यांना ती तंतोतंत लागू पडते. कोंबडीचं चक्रही जवळपास भाताच्या हंगामाएवढंच, त्यामुळे चूक-बरोबर काही महिन्यांतच दिसतं.

पहिल्या बैठकीत काहीही शिकवू नका. अंगणात बसा आणि एखाद्या बाईला विचारा, मागच्या खेपेला किती अंडी बसवलीस? ती म्हणेल बारा. जमिनीवर बारा खडे मांडा. किती फुटली? नऊ. तीन खडे बाजूला. दोन महिन्यांनी किती पिलं हिंडत होती? बहुतेक वेळा उत्तर दोन किंवा तीन येतं. मग उरलेल्या सहा-सात खड्यांचा हिशेब एकेक करून विचारायचा. हे घारीने नेलं, हे मांजराने, दोन पावसात भिजून गेली, एक पाण्याच्या घमेल्यात बुडालं, बाकीची माना टाकून मेली. दुसरी बाई मध्येच म्हणते, माझीपण तशीच गेली. अर्ध्या तासात त्या बायकांनी स्वतःच्या तोंडाने तुमचा अख्खा अभ्यासक्रम सांगितलेला असतो, तोही महत्त्वाच्या क्रमाने. मोकाट हिंडणाऱ्या कोंबड्यांची निम्म्याहून जास्त पिलं पहिल्या आठ आठवड्यांत जाणं ही जगभर आढळणारी गोष्ट आहे. पण हे तुम्ही सांगितलं तर ती बातमी होते, आणि खडे त्यांनी स्वतः उचलले तर तो त्यांचा प्रश्न होतो.

या खेळातून आणखी एक निघतं. लोकांना वाटतं उत्पन्न वाढवायचं म्हणजे जास्त अंडी देणारी जात आणायची. खडे पाहिल्यावर कळतं की आहे त्याच कोंबडीची तीनच्या जागी सहा पिलं जगली तर कळप दुप्पट होतो, तेही नवीन पाखरू विकत न घेता. म्हणून माझा आग्रह असतो की पहिल्या वर्षी फक्त दोन गोष्टींवर जोर द्या: पिलं जगवणं आणि मानमोडी या जीवघेण्या रोगाची लस. जात, खाद्याची सूत्रं, विक्री या सगळ्याला जागा आहे, पण नंतर.

पिलांचं काम सोपं आहे, फक्त सातत्य लागतं. पिलं निघाली की कोंबडीला पिलांसकट पहिले तीन-चार आठवडे डालून ठेवायचं किंवा जाळीच्या आडोशाला ठेवायचं. पिलांना आत-बाहेर जाता येईल पण मोठ्या कोंबड्यांना तोंड घालता येणार नाही अशी फट ठेवून आत बारीक भरड आणि पाणी द्यायचं. पाण्याचं भांडं उथळ, त्यात चार गोटे, म्हणजे पिलू बुडत नाही. वाढीच्या पिलांना प्रथिनं जास्त लागतात, खाद्यात साधारण वीस टक्के. घरी हे मोजता येत नाही, पण नुसतं धान्य घातलं तर पिसं उशिरा येतात आणि पिलू खुरटतं, हे दोन घरांची पिलं शेजारी ठेवून दाखवता येतं. वाळवी, किडे, पेंड, डाळीचा चुरा, जे हाताशी असेल ते घालायला सांगा. बुरशी आलेलं धान्य मात्र कोंबड्यांना घालायची सवय मोडा. माणसांना चालत नाही म्हणून कोंबड्यांना टाकलेल्या त्या दाण्यांतलं बुरशीचं विष पाखरांचं यकृत खराब करतं, आणि त्याचे बळी रोगाच्या नावावर जमा होतात.

आईविना पिलं वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात पिलांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करत जायची. थर्मामीटर कोणाकडे नसतो आणि लागतही नाही. दिव्याखाली सगळी गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, भिंतीला लागून चोची उघड्या टाकून बसली असतील तर उकडतंय, सगळीकडे सारखी पसरून खात-झोपत असतील तर बरोबर आहे. हे रात्री एकदा उठून पाहायला सांगा. दिवसा सगळं ठीक असतं, पिलं पहाटे चेंगरून मरतात.

तीन-चार आठवड्यांनी पिलांना पुरेशी पिसं आली की आईला वेगळं करावं. ती लवकर अंड्यावर येते आणि वर्षाला एखादं चक्र जास्त मिळतं. हे पहिल्यांदा ऐकताना बायकांना पटत नाही, जीव कळवळतो. एका घरी करून दाखवा, बाकीच्या बघतील.

आता लस. राणीखेत किंवा मानमोडी, जगात न्यूकॅसल नावाने ओळखला जाणारा रोग, १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. लस न दिलेल्या कळपात शिरला की खुराडंच्या खुराडं रिकामं करतो. हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास घेणं, मान पिरगळणं, पंख-पाय लुळे पडणं ही खूण. विषाणूचा रोग असल्यामुळे औषध नाही. प्रतिजैविकाच्या गोळ्या चुरून पाण्यात घालणारे खूप असतात. त्याने मानमोडी थांबत नाही, आणि अंड्या-मांसातून औषध आपल्याच पोटात येतं, हे रोग नसताना शांतपणे सांगून ठेवावं. मर सुरू झाल्यावर कोणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

खेड्यातल्या लसीची मुख्य अडचण थंडाव्याची. नेहमीच्या लसी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, आणि एका बाटलीत शेकडो मात्रा असतात, तर एका घरी कोंबड्या दहा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो यांनी गरम हवामानात जास्त टिकणारी आय-२ ही लस तयार केली, आणि रॉबिन ऑल्डर्स या पशुवैद्यकाबरोबर मोझांबिकमध्ये ती गावागावांतून वापरली गेली. त्या कामातून जे शिकायचं ते लसीच्या बाटलीपुरतं नाही. गावातल्याच माणसांना डोळ्यात थेंब टाकायला शिकवलं, वर्षातून तीनदा, दर चार महिन्यांनी, ठरलेल्या काळात सगळ्या गावाचं लसीकरण केलं आणि प्रत्येक कोंबडीमागे थोडा मोबदला घेतला. बांगलादेशातही १९८० च्या दशकात ब्रॅक संस्थेने सरकारी खात्याबरोबर गावातल्या बायकांना लसीकरण शिकवलं, त्या पहाटे कोंबड्या सोडायच्या आत घरोघर जात. तुमच्याकडे कुठली लस मिळते आणि तिचं वेळापत्रक काय, हे स्थानिक पशुवैद्यक ठरवतील. रचना मात्र हीच ठेवा.

लसीकरणाची बैठक मी नेहमी भल्या पहाटे ठेवते, खुराड्याचं दार उघडायच्या आधी. बर्फाच्या डब्यातली बाटली, तिच्याबरोबर आलेलं द्रावण किंवा उकळून गार केलेलं क्लोरीन नसलेलं पाणी, आणि थेंब टाकायची प्लास्टिकची बाटली. आधी साध्या पाण्यावर सराव होतो. बाटली उभी सरळ धरायची, कारण तिरकी धरली की थेंब लहान-मोठा पडतो आणि कोणाला मात्रा कमी मिळते. एकीने पाखरू कुशीत धरून डोकं आडवं करायचं, दुसरीने टोक डोळ्याला न लावता एक थेंब सोडायचा आणि डोळा मिचकेपर्यंत थांबायचं. घाई केली की कोंबडी डोकं झटकते आणि थेंब जमिनीवर. मग हळूच खाली ठेवायची आणि पायाला रंगीत दोरा किंवा शेपटीला खूण, म्हणजे तीच पुन्हा हाती येत नाही. कालवलेली लस दोन तासांत संपवायची, उरलेली उकळून टाकायची. थेंब माणसाच्या डोळ्यात उडाला तर डोळा एक-दोन दिवस लाल होतो, लगेच पाण्याने धुवायचा, हेही सांगून ठेवा, नाहीतर एका लाल डोळ्यावरून अख्ख्या वस्तीत अफवा उठते.

अफवेवरून आठवलं. लस देताना तीन वाक्यं स्पष्ट आणि मोठ्याने सांगा: ही फक्त मानमोडीची लस आहे, अंगात ताकद यायला एक-दोन आठवडे लागतात, आज आजारी असलेल्या कोंबडीला देत नाही. "लस दिली की कोंबडी मरत नाही" असं बोलून मोकळे होणारे कार्यकर्ते पुढच्या फेरीचं नुकसान करतात. महिन्याभरात कोंबड्यांना देवीचा रोग येतो, पिलांना रक्ती हगवण लागते, एखादी जंतांनी मरते, आणि लोक म्हणतात लस खोटी. गेलेला विश्वास परत मिळवायला वर्ष जातं.

पैशाबद्दल लोक संकोचतात, पण लस देणाऱ्या बाईला प्रत्येक पाखरामागे थोडे पैसे मिळालेच पाहिजेत. फुकट चाललेलं लसीकरण प्रकल्पाचा निधी संपला की संपतं, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. दर गटाने आपणच ठरवावा. एखाद्या घरी खरंच अडचण असेल तर अंड्यांत घ्यावा.

आता सगळ्यात अवघड विषय. रोग आला की लोक काय करतात? एक कोंबडी मान टाकते, आणि त्याच संध्याकाळी घरातली बाकीची विकली जातात किंवा कापली जातात. प्रशिक्षक दरडावून सांगतात, विकू नका, रोग पसरतो. मी हे दरडावणं बंद केलं. ज्या घरात दहा कोंबड्या हीच शिल्लक आहे, तिथे उद्या मरणारी कोंबडी आज विकणं हा अगदी सरळ हिशेब आहे, आणि तो करणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवलं की ती पुढच्या वेळी लपवते. याचा उपाय मर यायच्या आधी गटात करार करणं हा आहे. एका घरात दोन-तीन पाखरं अचानक मेली तर कोणाला सांगायचं, कळवल्यावर किती तासांत कोण येईल, तोवर वस्तीतून कोंबडी आत-बाहेर न्यायची नाही, मेलेली खोल पुरून वर चुना टाकायचा. आणि ज्या घराने आधी कळवलं त्याला गटाने पुढच्या चक्रात दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, द्यायच्या. हे शेवटचं कलम नसेल तर आधीची सगळी कागदावर राहतात. कळवण्याची साखळी पशुवैद्यकापर्यंत पोचते का, हे एकदा खोटी सूचना देऊन तपासून पाहा.

बर्ड फ्लूची भीती याच बैठकीत निघते. तिला टाळू नका, वाढवूही नका. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ हा विषाणू पहिल्यांदा पाखरांतून माणसांत गेल्याचं दिसलं, अठरा जण आजारी पडले, सहा दगावले. म्हणून एकाएकी खूप पाखरं मेली तर हात न लावता कळवायचं, मेलेलं पाखरू सोलायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही. मानमोडी की बर्ड फ्लू, हे अंगणात बसून ओळखता येत नाही. ते प्रयोगशाळेचं काम.

मुलांचा विषय निघाला आहे तर तेही. घरात कोंबड्या असणं लहान मुलांच्या पोषणाला चांगलं, पण कोंबड्या रात्री माणसांच्या खोलीत ठेवणं वाईट. ग्रामीण इथिओपियातल्या २०१६ च्या एका अभ्यासात नेमकं हेच दिसलं: कोंबड्या पाळणाऱ्या घरांतली मुलं उंचीने बरी, मात्र ज्या घरांत कोंबड्या रात्री घरातच असतात तिथली तुलनेने खुजी. रांगतं बाळ विष्ठा तोंडात घालतं, कारण समजायला सोपं आहे. तेव्हा खुराडं बाहेर, जमिनीपासून थोडं उंच, मुंगूस-मांजर शिरणार नाही असं, आत बसायला दांडी, प्रत्येक पाखराला त्या दांडीवर वीतभर जागा. आणि हात धुणं. खुराड्याचा खर्च पहिल्याच बैठकीत काढू नका. बायका तिथूनच परततात. चोरी आणि मुंगसाचे खडे मोजून झाले की तो विषय त्या स्वतः काढतात.

कोणाला बोलवायचं? कोंबड्या बायका पाळतात आणि शिबिराला पुरुष येतात, ही जुनी अडचण आहे. बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा, जागा कोणाच्या तरी अंगणात, लहान मुलं बरोबर आली तर चालतील हे आधीच सांगा. पण घरात विक्रीचा निर्णय पुरुष घेत असेल तर किमान हिशेबाच्या आणि रोगाच्या कराराच्या बैठकीला दोघांना बोलवा. शिकवणारी शक्यतो त्याच वस्तीतली, जिची पिलं जगतात अशी बाई असावी. प्रत्येक वस्तीत अशी एक तरी असते. तिला पशुवैद्यकाकडून लसीकरण आणि रोगाची लक्षणं शिकवून घ्या आणि पशुवैद्यकाला चार महिन्यांतून एकदा बोलवा, शंका ऐकायला. व्याख्यानाला नको.

अंडी, खाद्य आणि नराबद्दल थोडक्यात. बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, टोक खाली करून गार जागी ठेवावीत. आठव्या दिवशी अंधारात विजेरीवर धरली की फळलेल्या अंड्यात लाल रेषांचं जाळं दिसतं, रिकामी स्वच्छ दिसतात. ही बैठक मुलांनाही दाखवा, गर्दी आपोआप होते. आठ-दहा माद्यांना एक नर पुरे, आणि तो दर वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या वस्तीतून बदलावा. बाहेरून आणलेलं कुठलंही पाखरू किमान दोन आठवडे वेगळं ठेवावं. अंडी देणाऱ्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा आणि दिवसभर स्वच्छ पाणी लागतं. उन्हाच्या दिवसांत पाण्याची गरज दुपटीवर जाते आणि पाणी दुपारी संपलं की अंडी लगेच घटतात.

शेवटी मोजमाप, कारण तुमचा आधीचा कार्यक्रम कागदावर यशस्वीच असणार: इतके प्रशिक्षित, इतकी पिलं वाटली. ते आकडे बाजूला ठेवा. प्रत्येक घरी चित्रांचं एक कार्ड द्या, चार रकाने: बसवलेली अंडी, फुटलेली पिलं, आठ आठवड्यांनी जिवंत, लस कधी. लिहिता येत नसेल तर रेघा ओढायच्या, घरातलं शाळकरी मूल हे आनंदाने करतं. पुढच्या बैठकीची सुरुवात ही कार्डं समोर ठेवून करायची. एकीची आठ जगली आणि दुसरीची दोन, तर पहिलीच्या अंगणात जायचं आणि ती काय वेगळं करते ते पाहायचं.

आणि पिलांचं वाटप. पहिल्या चक्रात करू नका. ज्या घरांच्या कार्डावर आपल्या पिलांपैकी निम्मी तरी जगलेली दिसतील आणि खुराडं उभं असेल, त्यांनाच दुसऱ्या वर्षी पाखरं द्या, तीही एक दिवसाची नाहीत. कुणीतरी उबेखाली वाढवलेली, लस झालेली, पाच-सहा आठवड्यांची. एक दिवसाचं पिलू वाढवण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकण्यापेक्षा गटातल्या दोघींना तेच काम द्या, ब्रूडर, म्हणजे पिलांना ऊब देण्याची सोय, त्यांच्याकडे ठेवा आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडून पिलं विकत घ्यावीत.